त्रिग्लाव न चढलेला म्होरक्या

दर गुरुवारी आम्ही पाच जण निघतो. बुर्या सुटलेला असेल तर पायी, नसेल तर सायकलवर. आमच्या खोऱ्यातल्या या वाऱ्यात सायकल चालवता येते, पण ती कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. सगळ्यात पुढे लुद्विक ब्रातिना, मग जूल्यो, मग अल्बिन, मग बेर्नार्दा आणि शेवटी मी, नेवेंका. नेवेंका हळू चालते म्हणून मागे असते, असं अल्बिन सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे अल्बिन चालताना सारखा बोलतो आणि त्याचा आवाज पुढच्या दिशेने जातो.

लुद्विक खुर्च्यांच्या कारखान्यात होता. नोकरीभर त्याने खुर्च्यांना पाय ठोकून चिकटवले, त्यामुळे आजही कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी तो ती हलवून बघतो. माझ्या स्वयंपाकघरातलीसुद्धा, जी त्यानेच चिकटवलेली आहे. बोलतो मोजकं. पायवाटेने वळण घेतलं की तोही वळण घेतो, मधूनच आडवा जात नाही, आणि दुसऱ्या कुणी तसं केलं तर थांबून त्याच्याकडे नुसता बघतो. त्याला म्होरक्या कुणी केलं नाही. पहिल्या गुरुवारी तो पुढे होता आणि त्याला गाठणं कुणाला जमलं नाही. आता जमेल, पण आता ते बरं दिसणार नाही.

त्रिग्लाव हा आमच्या देशातला सगळ्यात उंच डोंगर. तो एकदा तरी चढल्याशिवाय आमच्याकडे माणूस पुरता स्लोव्हेनियन होत नाही. लग्न करतो, कर भरतो, मरतोसुद्धा, पण पुरता होत नाही. आणि आमचा म्होरक्या लुद्विक त्रिग्लाव कधी चढलेला नाही.

हे मला त्याच्या बायकोने सांगितलं होतं. मार्ता आणि मी शेजारणी. कुंपणाशी बसून घेवड्याच्या शेंगा सोलताना तिने सांगितलं आणि पुढच्या वर्षी ती गेली, त्यामुळे ते माझ्यापाशीच राहिलं. झालं होतं असं. कारखान्याची सहल त्रिग्लावला निघाली होती. लुद्विक दोर, पिशवी घेऊन पहाटे बसमध्ये चढला, पण बस सुटायच्या आत मेहुणा धावत आला: मार्ताला कळा सुरू झाल्या होत्या. लुद्विक मागच्या दाराने उतरला. बसमध्ये तोवर बाटल्या उघडल्या होत्या, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. परतल्यावर सगळ्यांनी एकमेकांना विचारलं, पाय कसे आहेत? लुद्विक म्हणाला, दुखतायत. दुखतच होते. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्रभर फेऱ्या मारत होता. मग साहेबांनी सहलीला गेलेल्यांना बिल्ले वाटले आणि एक त्याच्याही छातीला लावला. एकाच आठवड्यात मुलगीही झाली आणि त्रिग्लावही झाला, म्हणून टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असताना मध्येच हात वर करून बोलणाऱ्यांपैकी लुद्विक नाही.

नंतर एकट्याने गुपचूप जाऊन यावं, तर त्रिग्लाववर गुपचूप जाता येत नाही. तिथे आपल्याच गावचा दंतवैद्य भेटतो. म्हणून लुद्विक बाकीचे सगळे डोंगर चढला, पुन्हा पुन्हा चढला, आणि त्रिग्लावचा विषय निघाला की बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. विषय बहुतेक वेळा अल्बिन काढायचा. अल्बिनच्या त्रिग्लावच्या गोष्टीत शिखरावर दर वेळी धुकं. किती वेळा गेला हे गुरुवारागणिक वाढत जायचं, पण धुकं कायम.

यंदा वसंतात सायकली भिंतीला टेकवून आम्ही खानावळीत सूप पीत बसलो होतो, तेव्हा बेर्नार्दाने जाहीर केलं की लुद्विकची पंचाहत्तरी त्रिग्लाववर करायची. बेर्नार्दा औषधाच्या दुकानात होती. ती काहीही सांगते ते दिवसातून तीनदा जेवणानंतर घ्यायचं असल्यासारखं सांगते, त्यामुळे उलट कुणी बोलत नाही. सगळ्यात जास्त खूश झाला जूल्यो. तो सीमेपलीकडच्या गोरिझियाचा इटालियन, आमच्यात सामील होऊन थोडीच वर्षं झाली. त्याने विचारलं, मलाही दोराचे फटके मिळणार ना? पहिल्यांदा शिखरावर पोचलेल्याला वाकवून पार्श्वभागावर दोराने तीन फटके देतात, त्याशिवाय चढाई पक्की होत नाही. देणाऱ्याने अर्थातच आधी स्वतः ते खाल्लेले असावे लागतात. मी ते लहानपणीच खाल्ले होते.

"अर्थात मिळणार. लुद्विक देईल," बेर्नार्दा म्हणाली.

लुद्विक नाडी बांधायला वाकला. त्या दिवशी त्याने चपला घातल्या होत्या.

मग त्याचा गुडघा दुखू लागला. बेर्नार्दाने मलम आणलं. मग हवा बिघडणार होती, ती बिघडली नाही. मग मांजरीकडे कोण बघणार, तर त्याची मुलगी तेआ म्हणाली, मी बघते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"मार्ताने तुला सांगितलं होतं ना?" त्याने विचारलं.

"हो."

"कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

तो कुंपणाची फळी हलवून बघू लागला. ती घट्ट होती.

"वर जाण्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण जूल्योला मी कुठल्या तोंडाने मारू? तो बिचारा मनापासून वाकेल."

"मग सांगून टाक की."

"आणि पुढच्या गुरुवारी माझ्या मागे कोण चालेल, नेवेंका? मार्ता गेल्यापासून मला तेवढाच एक वार उरलाय."

मला त्याचं वाईट वाटलं आणि रागही आला. इतक्या वर्षांत या माणसाने कधी वळण टाळलं नाही, आणि ओझं वाहिलं ते एका बिल्ल्याचं. मी म्हटलं, घरी जा आणि झोप. याहून शहाणपणाचं मला काही सुचलं नाही.

शिखराखालच्या क्रेदारीत्साच्या डोंगरघरात मुक्काम करून सकाळी आम्ही शिखराकडे निघालो. तिथून वर खडकात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि कडेने तारेचा दोर. लुद्विक नेहमीसारखा पुढे. मी मागून त्याचा हात बघत होते. तो तार अशी धरत होता की ती आपण सोडली तर डोंगर पडेल. जूल्योने विचारलं, आणखी किती राहिलं? लुद्विक म्हणाला, वाट संपेपर्यंत. अल्बिन त्या दिवशी एक शब्द बोलत नव्हता. मला वाटलं, वय झालं.

शिखरावर तो पत्र्याचा छोटा बुरूज, त्याच्याशी फोटो काढायला रांग, आणि रांगेत आमचा दंतवैद्य. आभाळ लख्ख होतं. बेर्नार्दाने पिशवीतून दोर काढला, दुहेरी केला आणि लुद्विकच्या हातात दिला. जूल्यो आधीच वाकून उभा राहिला होता. दंतवैद्यही बघायला वळला.

लुद्विकने दोर घेतला. जूल्योच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने तो दोर माझ्या हातात दिला, सॅक उतरवली आणि जूल्योच्या शेजारी वाकला.

"नेवेंका, मार," तो म्हणाला. "मी पहिल्यांदाच आलोय."

लुद्विक वाकलेला असतानाच, खालच्या खडकाकडे बघत, सगळं बोलला: बस, मागचं दार, तेआ, बिल्ला. वाकल्यामुळे आवाज चेपून येत होता, पण एकही शब्द त्याने गाळला नाही.

मी पहिला फटका मारला. माझे डोळे भरले होते, त्यामुळे तो जेमतेम लागला.

"धूळ झटकतेयस का?" तो म्हणाला.

उरलेले दोन मी व्यवस्थित मारले. तो सरळ झाला. त्याचा चेहरा ओला होता आणि त्याने तो पुसला नाही. बेर्नार्दाने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं, रीतसर. मग म्हणाली, "जूल्योला ताटकळवू नकोस. आता तुला चालतं. आणि उतरताना पुढे तूच राहा, मला त्या तारेचा भरवसा नाही."

जूल्योला त्याने हलकेच तीन दिले. जूल्यो उठून सगळ्यांच्या गळ्यात पडला, दंतवैद्याच्यासुद्धा.

आम्हाला वाटलं, झालं. तेवढ्यात अल्बिनने सॅक खाली ठेवली. काही न बोलता तो पुढे आला आणि वाकला.

"आणि ते धुकं?" लुद्विकने विचारलं.

"धुकं होतं," अल्बिन खालून म्हणाला. "डोंगरघरापाशी होतं. वर जाऊन काही दिसणार नाही, म्हणून तिथूनच परतायचो."

लुद्विकने दोर पुन्हा नीट दुहेरी केला. इतकी वर्षं, दर गुरुवारी, प्रत्येक चढावर त्याने ते धुकं ऐकून घेतलं होतं आणि नाडी बांधली होती. त्याने फक्त तीनच फटके दिले, नियमाप्रमाणे. पण खुर्च्यांचे पाय ठोकून बसवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हात तो.

खाली डोंगरघरात अल्बिनने सूप उभ्यानेच प्यायलं. लुद्विकसाठी मी खुर्ची ओढली होती. त्याने ती हलवून न बघताच बाजूला सारली आणि अल्बिनला सोबत म्हणून तोही उभ्यानेच प्यायला.