तिसरं कडवं

परवा एक गाणं संपल्यावर फोनने आपणहून एक जुनं गाणं लावलं आणि भाजी चिरता चिरता माझा हात थांबला. दुसरं कडवं संपलं की टक्क असा आवाज यायला हवा, त्याची मी वाट पाहत होते.

मी शाळेत असताना आम्ही डोंबिवलीला मानपाड्यात राहायचो. एका संध्याकाळी बाबा दुकानातून साठ मिनिटांची कॅसेट गाणी भरून घेऊन आले. आईच्या आवडीचं गाणं अगदी शेवटी होतं. त्याचं दुसरं कडवं झालं आणि टेपच संपली. बटण टक्कन वर आलं.

"नव्वद मिनिटांची घ्यायची होती," आई म्हणाली.

"ती टेप पातळ असते. गुंतते," बाबा म्हणाले.

पोळी लाटता लाटता आईने उरलेलं कडवं स्वतःच म्हटलं. खारा वारा, मिठागरातलं ऊन, पाय भाजत घरी येणारी मुलगी. आई कोलशेतची, मिठागरावर वाढलेली. पुढे कॅसेट झिजेपर्यंत आमच्या घरी तोच रिवाज झाला. दोन कडवी टेपची, तिसरं आईचं.

परवा फोनवर टक्क झालंच नाही. गाणं पुढे गेलं, आणि सवयीने मीही आईचं कडवं म्हणू लागले.

"आई, तू काहीतरी भलतंच म्हणतेयस," माझी मुलगी म्हणाली.

मग मी गप्प राहून ऐकलं. तिसऱ्या कडव्यात चांदणं होतं, विरह होता. मीठ कुठेच नव्हतं.