दादांच्या शब्दावर अपील राहिलं

मंडळी, आज दुपारी माझ्या ऑफिसात परत तेच झालं. वकिली करते म्हणून ऐकून घेते, पण खरं सांगू, आता दमायला होतं.

शाहूवाडीकडच्या एका खाजगी शाळेतले शिपाई बायकोला घेऊन आले. शाळेनं कामावरून काढल्याचं पत्र त्यांच्या हातात होतं. कधी मिळालं, विचारलं.

"दोन महिनं झालं की, मॅडम."

खाजगी शाळेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला तीसच दिवस असतात. मग हे थांबले कशाला?

"दादा म्हणालं, घरचा माणूस हाईस, कोर्टात कशाला जातोस? जत्रा झाली की बसून मिटवू."

दादा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. जत्रेला त्यांनी यांना घरी बोलावलं, शेजारी बसवून मटण वाढलं. नोकरीचा विषय काही निघाला नाही.

"ह्यांनी बी काढला न्हाई," बायको म्हणाली. "जेवताना कसं बोलायचं, म्हणत्यात."

अहो, बोलणी करा, जेवायलाही जा. पण आधी अपील दाखल करा. अपील घातल्यावरही मिटवता येतं.

आता उशीर माफ व्हावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागणार, त्यात सबळ कारण द्यावं लागणार. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते खुर्चीतून ताडकन उठले.

"व्हय दादा... न्हाय न्हाय, वकिलाकडं कशाला जातोय? बाजाराला आलोय."

सांगा मंडळी, उशिराचं कारण काय लिहू?