कॅसेटमध्ये राहिलेला खेळ

लॅपटॉपचा चार्जर फार वेळ लावून ठेवला की त्याला एक वास येतो, तापलेल्या प्लास्टिकचा आणि त्यावर बसलेल्या धुळीचा. सुट्टीच्या दिवशी एखादा लहानसा खेळ रचत बसायची खोड मला अजून आहे, आणि बसले की हा वास येतोच. घरातले नाक मुरडतात. मला मात्र लालबागच्या चाळीतली आमची खोली आठवते.

गिरण्यांच्या संपाला तेव्हा बरीच वर्षं उलटली होती, पण तो मिटला असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. मागावर काम केलेले बाबा एका इमारतीवर वॉचमन झाले होते. घरातल्या वस्तू एकेक करून गेल्या, त्यात टेपरेकॉर्डरही गेला; टीव्ही तेवढा आईने हट्टाने राखला. अशा घरात त्या मे महिन्यात चक्क एक कॉम्प्युटर आला. माझ्या गिरगावातल्या मैत्रिणीच्या मामाने तो बोटीवरून आणलेला; तिच्या घरचे सगळे गावी जाताना तिने तो विश्वासाने माझ्याकडे ठेवला होता. दिसायला नुसता कळफलक. टीव्हीला जोडायचा आणि आज्ञा लिहीत जायचं. मला प्रोग्रॅमिंग येत होतं ते कॉलेजात शिकलेलं, तोडकंमोडकं. त्या बळावर मी खेळ मांडला: वरून मासे पडतात, खाली टोपली सरकवून ते झेलायचे. टोपली म्हणजे एक पांढरा चौकोन. पण तो माझ्या बोटासरशी पहिल्यांदा हलला तेव्हा मी एकटीच खोलीत हसत सुटले होते. आपण सांगावं आणि जगात काहीतरी हलावं, हे सुख आमच्या घराला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

अडचण एवढीच की वीज गेली, तर लिहिलेलं सगळं पुसलं जाणार. जपायचं तर टेपरेकॉर्डर जोडून आवाजाच्या रूपात कॅसेटवर उतरवायचं. शेजारच्या मावशींचा टेपरेकॉर्डर माहीमला लेकीकडे होता, तो रविवारी संध्याकाळी यायचा होता. सोमवारी सकाळी मैत्रीण यंत्र न्यायला येणार होती. म्हणून शुक्रवारपासून मी ते बंदच केलं नाही; तापलेल्या प्लास्टिकचा वास खोलीभर झाला. बाबा बिलाच्या धास्तीने धुसफुसत होते. रविवारी दुपारी मात्र जवळ येऊन त्यांनी विचारलं, "बाय, ह्यां बंद झालां तर?"

"सगळं जाईल, बाबा. परत लिहायला यंत्रच नसेल."

त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाकडे एकदा पाहिलं.

संध्याकाळी टीव्हीवरच्या सिनेमाला नेहमीप्रमाणे सगळा मजला आमच्या खोलीत जमला. कॉम्प्युटरची टीव्हीला लावलेली वायर काढावी लागली. कॉम्प्युटर चालूच होता, पण आंधळा. आत माझा खेळ जिवंत आहे की मेला, हे कळायला मार्ग नव्हता. मी कळफलकावर तळवा ठेवून ऊब तपासत राहिले. पोरं वायरवरून उड्या मारत होती. बाबा उठले आणि कॉम्प्युटरची पिन होती त्या भिंतीवरच्या बोर्डाला पाठ लावून बसले. मध्येच दिवे मंदावले, टीव्हीवरचं चित्र आक्रसलं, आणि दिवे पुन्हा सावरले. त्यात बाबांच्या मिलमधले एक काका उकाड्याने हैराण होऊन टेबलफॅनची पिन घेऊन बोर्डाकडे वळले. संपाच्या दिवसांत बाबांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावला होता, पोलिसांच्या काठ्याही दोघांनी बरोबरच खाल्ल्या होत्या. त्या माणसाला बाबांनी कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

"पंखो नको," बाबा म्हणाले. "आज हयसर कोणी हात लावचो नाय."

काका सिनेमा अर्ध्यावर टाकून निघून गेले. बाबा जागचे हलले नाहीत, पण त्यांचं सिनेमाकडे लक्ष नव्हतं.

खेळ वाचला. मावशी आल्या, कॅसेट भरली, दोनदा तपासली. सकाळी मैत्रीण यंत्र घेऊन गेली, आणि माझ्यापाशी एक कॅसेट उरली, जिच्यातला खेळ चालवायला चाळीत यंत्रच नव्हतं.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं तेव्हा बाबांनी मावशींचा टेपरेकॉर्डर मागून आणला आणि ती कॅसेट लावली. त्या कॅसेटवर काय असणार? नुसती किर्र किंकाळी, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. पाहुणे कानांवर हात ठेवून हसू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गप रवा वायच," बाबा म्हणाले. "ह्यां माझ्या चेडवान केल्यान हा."

लेकीने केलंय म्हटल्यावर पाहुण्यांनी कानांवरचे हात काढले. दाराशी ते काका उभे होते, मे महिन्यानंतर पहिल्यांदाच आलेले. ते आत येऊन बाबांच्या शेजारी टेकले. दोघं मान खाली घालून, मागाचा आवाज ऐकावा तसं, शेवटपर्यंत ऐकत राहिले. किंकाळी थांबल्यावर काकांनी हळूच विचारलं, आणखी आहे का? मी नाही म्हटलं.

आता तिथे मिलही नाही आणि चाळही नाही. मी पुढे केलेले खेळ पुष्कळांनी खेळून पाहिले. त्यातले किती तर दुसऱ्याच मिनिटाला बंदही झाले असतील. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझा पहिला खेळ कुणीच खेळलं नाही, पण तो ऐकायला दोन माणसं बसली होती, आणि एवढ्या वर्षांत मला तेवढं पुरलं आहे.