चार टॅब, मग एंटर

क्लायंटसमोर माझ्या हातून पेशंटची नोंद पुसली गेली. मॅनेजर हसून म्हणाले, "इनको दिखता नहीं है ना, सर. हो जाता है." खोलीत हशा पिकला. मी कीबोर्डवरून हात काढले.

मी आंधळी. गाझियाबादच्या या कंपनीत टेस्टर. आम्ही हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. ते आंधळ्यांनाही वापरता येतं, हे क्लायंटला दाखवायला मला डेमोला बसवलेलं. माझा कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. पण आमची स्क्रीनवरची बटणं डिझायनर अनिकेतने स्वतः रंगवलेली. दिसायला म्हणे फार सुंदर! त्यांना कॉम्प्युटरला वाचता येतील अशी नावं द्यायची राहिली. कॉम्प्युटर प्रत्येक बटणावर एवढंच बोलतो, "चित्र." पुढचंही चित्र. त्याच्या पुढचंही.

मी तीनदा लिहून दिलं होतं. अनिकेत पुण्याचा, माझ्यासारखाच मराठी. म्हणाला, "ताई, डेमोपुरतं पाठ करा ना. चार टॅब, मग एंटर. बिल्कुल सोपं." एका टॅबने एक बटण पुढे, एंटरने ते दाबलं जातं; मी पाठ केलं. ती माझी चूक. पण नोकरी कच्ची होती, कन्फर्मेशन व्हायचं होतं. त्याआधी दोन वर्षं दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून काढलेली. शेजारणी विचारायच्या, "दिन भर क्या करती है ये?" मला नाही, आईला. ते दिवस पुन्हा नको होते.

डेमोच्या सकाळी अनिकेतने एक बटण वाढवलं. मला सांगायला विसरला. चौथ्या जागी 'सेव्ह' असायचं, तिथे 'डिलीट' आलं.

क्लायंट गेल्यावर मॅनेजरने माझ्यापुढे कागद सरकवला. "साइन कर दीजिए, कि आपने चलाया और सब ठीक है."

अनिकेत कुजबुजला, "ताई, करून टाका यार. आपण आपलीच माणसं."

आपलीच! पण उद्या कुठल्याशा हॉस्पिटलात माझ्यासारखीच एखादी बसेल. तिच्या हातून खऱ्या पेशंटची नोंद जाईल. दोष तिच्या डोळ्यांना लागेल, आणि पुरावा म्हणून माझी सही दाखवतील.

"नहीं करूँगी," मी म्हणाले.

"सोच लीजिए. आपका कन्फर्मेशन मेरे हाथ में है."

त्याच दुपारी मी रिपोर्ट लिहिला. बटणांना नावं नाहीत, वापरणं धोक्याचं, नापास. ऑफिसातल्या सगळ्यांना पाठवला.

कन्फर्मेशन अजून आलेलं नाही. रोज मेट्रोतून उतरताना वाटतं, आज काढून टाकतील. टाकू देत. जे मला वापरता येत नाही, त्याच्याखाली माझी सही येणार नाही.