बिजागरीचं यंत्र आणि जाऊबाईंचा हात

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कुंभकोणमला आमच्या घरामागच्या पडवीत पितळी पानपेट्या तयार होत. पत्रा कापणं, ठोकणं, झाळणं पुरुषांकडे. झाकणाच्या बिजागरीत तार ओवायचं काम आम्हा दोघी जावांचं. कारखाना तिथंच अडायचा. पापनाशमचा दुकानदार माल न्यायला येऊन बसलेला असायचा आणि आमच्यापुढे झाकण न लागलेल्या पेट्यांचा ढीग.

आमच्या ह्यांना यंत्रांचं वेड. बिजागरी आपोआप जोडणारं यंत्र करायचं त्यांनी मनावर घेतलं. आधी हात कसा चालतो ते बघायला म्हणून पाटी-पेन्सिल घेऊन पडवीत बसले. बसले ते थोरल्या जाऊबाईंसमोर.

माझ्या तीन पेट्या होत तोवर त्यांची एक. आधी पेटी पाटावर दोनदा टकटक आपटायच्या, मग तार उचलून निरखायच्या, मग हळूच ओवायच्या. मी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवत असे. आणि हे ती टकटक पाटीवर लिहून घेत होते.

मी जळत होते. मोठी वहिनी आईच्या जागी, हे काय मला कळत नव्हतं? पण लग्नाला सहा वर्षं झाली तरी माझ्याकडे ह्यांनी इतका वेळ टक लावून कधी पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी जेवण वाढताना मी विचारलंच, "मजला काय बोटं नाहीत?"

"आहेत, म्हणून तर पंचाईत," हे म्हणाले. "तुजा हात दिसतच नाही. वैनींचं एकेक दिसतं. दिसतं तेवढंच लोखंडाला शिकवता येतं."

खुशीत मी भातावर तूप जास्तच वाढलं. ताटं उचलताना ध्यानात आलं, की माझा हात चांगला म्हणून मीच बाद झाले होते.

यंत्र चाललं. एक दांडा पेटीला दोनदा ठोके द्यायचा, मग घसरणीवरून तार येऊन बिजागरीत शिरायची. हुबेहूब जाऊबाई, फक्त न दमणाऱ्या. पेट्या मांडायला एक बाई लागे. मी बसले तर माझा हात यंत्राच्या पुढे धावे आणि पेटी अडके. सासऱ्यांनी तिथं जाऊबाईंना बसवलं आणि मला चिंचेनं पेट्या घासायला धाडलं.

महिन्याभरात ढीग माझ्यापुढे लागला. पेट्या भराभर जोडून येत, घासणारी मी एकटी. आता इथं अडतंय, म्हणून सासरे कुरकुरले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाट घेऊन माझ्यासमोर बसले.

"कर," म्हणाले, "बघतो."

घासायचंही यंत्र झालं तर त्या पडवीत माझ्यासाठी काहीच उरणार नव्हतं. ते मला चांगलं कळत होतं. मी पेटी मांडीवर घेतली, चिंच उचलली, आणि एकेक बोट त्यांना दिसेल इतक्या सावकाश घासू लागले.