ऑपरेशनच्या आधीचे चेहरे

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या खोलीला सगळे ‘नाकाची खोली’ म्हणत, आणि तिथे काम करणाऱ्या बाईंना नाकवाल्या बाई. कॅन्सरमुळे ज्यांचं नाक काढावं लागे, त्यांना त्या सिलिकॉनचं करून देत. ऑपरेशनच्या आधी पेशंटचा चेहरा स्कॅन करायचा, जखम भरली की पुन्हा एकदा. दोन्ही फायलींना पेशंटचंच नाव. आधीचं कॅपिटल अक्षरांत, नंतरचं स्मॉल. ही पद्धत बाईंनीच पाडलेली. त्यांच्या जुन्या लिनक्सच्या कॉम्प्युटरने कधी कुरकुर केली नव्हती.

मग सगळीकडे विंडोज आलं. कॉम्प्युटर विभागातल्या माणसाने नेटवर्कवर एक सामायिक फोल्डर उघडून दिला आणि फायली त्यात टाकायला सांगितल्या. आधीचे चेहरे बिनबोभाट गेले. नंतरचे टाकताना मशीन अडलं: या नावाची फाइल आहे, बदलू का? बाईंनी फोन लावला. मागचं काही अर्धवट कॉपी झालं असेल, सगळ्यांना ‘हो’ म्हणा, असं तो म्हणाला. बाईंनी ‘हो’ म्हटलं. जुना कॉम्प्युटर पुसून दुसऱ्या विभागात गेला.

पुढे एक बस कंडक्टर बायकोला घेऊन आले. बाईंनी पूर्वी करून दिलेलं कंडक्टरांचं सिलिकॉनचं नाक घरच्या कुत्र्याने चावून टाकलं होतं. “माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आवडलं,” ते म्हणाले. बाई हसत हसत फाइल उघडायला गेल्या. पडद्यावर चेहऱ्याच्या मधोमध भोक. आधीची फाइल शोधली, ती नव्हतीच. मग त्या एकेक पेशंट उघडत गेल्या. सगळीकडे तेच.

कॉम्प्युटरवाला धावत आला आणि फायलींची नावं बघून त्याच्या लक्षात आलं. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल, दोन्ही नावं एकच. नंतरच्या चेहऱ्यांनी आधीचे पुसले होते.

“परत आणता येतील?”

“त्या डिस्कवर दुसरंच भरलंय, बाई. नाही येणार.”

बाईंनी कंडक्टरांच्या लग्नातल्या फोटोवरून मेणाचं नाक घडवलं. बायको शेजारी बसून सांगत होती, जरा बारीक, जरा खाली. बोलता बोलता ती थांबली.

“खरं सांगू? मला आता आठवतच नाही हो.”

कंडक्टरांनी मेणाचं ते नाक लावून आरशात बघितलं आणि चालेल म्हणाले.

बाहेर बाकावर नवं नाक करून घ्यायला आलेली आणखी दोघं जुनी पेशंट बसली होती. बाईंनी त्यांना जुने फोटो आणायला सांगितलं, शक्यतो बाजूने काढलेले. तसे कुणाकडेच नव्हते.