मावशीची कोरडी चादर

माझी मावशी शिवणकाम करायची आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही. कपडा उसवला अशी कोणी तक्रार आणलीच, तर ती आधी त्या माणसाच्या पोटाकडे बघायची.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, आपल्या छोट्या बोटीतून माल पोचवायचे. लाट वर आली की डेकवरच्या झाकणातून पाणी आत शिरायचं आणि तळातली पोती भिजायची. काका दर वेळी झाकणाच्या कडेच्या जुन्या रबरावर नवं रबर चिकटवून झाकणाचे खटके आणखी आवळायचे. गळती वाढतच गेली. शेवटी त्यांनी हात टेकले आणि बोट विकायला काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. काका जेवले नाहीत, ते बघून मला रडू आलं.

मावशी मात्र कपड्यांवर खुणा करायचा खडू घेऊन धक्क्यावर गेली. मी आणि काका मागोमाग. तिने झाकणाखालच्या लाकडी काठावर सगळीकडून खडू फासला, झाकण लावलं, उघडलं. रबरावर तीन कोपऱ्यांत खडूची पांढरी रेघ उमटली होती. चौथा कोपरा कोरा.

"इथे काठ दबलाय. रबर टेकतच नाही," मावशी म्हणाली. "रोज या कोपऱ्यावर बसून चहा कोण पितं हो?"

काका समुद्राकडे बघू लागले.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," असं म्हणत तिने रबराचे सगळे थर खरवडून काढले. दबलेल्या काठावर लाकडाची पातळ पट्टी बसवली आणि झाकणाला एकच नवं रबर लावलं. त्याची टोकं तिरपी कापून कोपऱ्यात नाही, सरळ बाजूवर जोडली, कारण कोपऱ्यात जोड आला की तिथेच ताण पडतो, हे तिला बाह्या शिवून ठाऊक होतं. पुन्हा खडू फासला. या वेळी रेघ कुठेच तुटली नाही.

सकाळी तिने तळात इस्त्रीची पांढरी चादर अंथरली. "एक डाग दिसला तर खुशाल विका. मी अडवणार नाही."

मग आम्ही बोट घेऊन निघालो. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. लाटा डेकवरून आरपार जात होत्या, आम्ही तिघंही चिंब झालो. मला तर सारखी ती चादरच डोळ्यांसमोर दिसत होती.

परतलो तेव्हा गिऱ्हाईक धक्क्यावर उभं होतं. काकांनी झाकण उघडलं, खाली उतरले, बराच वेळ वर आलेच नाहीत. मग चादर घेऊन आले. इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. त्यांनी ती मावशीच्या ओल्या खांद्यांवर घातली.

"बोट विकायची नाही," ते गिऱ्हाइकाला म्हणाले.

"अहो, पण काल तर तुम्हीच..."

"काल ती गळत होती."

मावशी इतकी हसली की धक्क्यावरची माणसं वळून बघायला लागली. पुढे धक्क्यावरच्या कितीतरी बोटींच्या झाकणांवर तिचा खडू फिरला, आणि प्रत्येक मालकाला तिने आधी विचारलं, "बसता कुठे?"

चादर कोरडी निघाली त्या दिवशी काका चहाचा पेला घेऊन सवयीने झाकणाकडे वळले. मावशीने नुसतं बघितलं. ते दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसले, आणि जन्मभर तिथेच बसत राहिले.